सत्ता कुठवर उतरते : व्हर्जिनियातली भटकंती

शुक्रवार : गन्स्टन हॉल

वॉशिंग्टन शहराच्या दक्षिणेला, पोटोमॅक नदीच्या काठी दोन जुन्या शेजाऱ्यांची घरं आहेत. एक माउंट व्हर्नन, जॉर्ज वॉशिंग्टनचं. तिथे सहलीच्या बसगाड्यांची रांग असते. दुसरं गन्स्टन हॉल, जॉर्ज मेसनचं. तिथे आज सकाळी आमच्याखेरीज एक म्हातारं जोडपं होतं आणि माहिती सांगणाऱ्या एक बाई. मला मेसनकडेच जायचं होतं. सही करणाऱ्यापेक्षा सही नाकारणाऱ्याचं घर बघायला मला जास्त आवडतं.

सही अमेरिकेच्या राज्यघटनेवर करायची होती. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली तेव्हा मेसन तिथे होता आणि भरपूर बोललाही. पण १७ सप्टेंबरला हजर असलेल्यांपैकी तिघांनी लेखणी उचलली नाही : मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी. उजवा हात तोडून टाकेन, पण या मसुद्याला लावणार नाही, असं मेसन त्याआधीच बोलून बसला होता. आपले आक्षेप त्याने छापील मसुद्याच्याच पाठीमागे लिहून काढले. पहिलाच आक्षेप असा, की यात हक्कांची सनद नाही. आणखी एक असा, की अधिकारांच्या यादीच्या शेवटी जे मोघम कलम घातलंय त्याचा आधार घेऊन काँग्रेस, म्हणजे केंद्राची संसद, आपले हात हवे तेवढे लांब करील. या नकारापायी वॉशिंग्टनशी असलेली जुनी मैत्री गेली.

माझ्या भाच्याला, ओंकारला, हे सगळं नवीन. तो अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरच्या कामात आहे. "मावशी, लोक नायगाराला जातात," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये नोकरी केली आहे. शाळा नावाला जिल्ह्याची. वेळापत्रकापासून परीक्षेच्या तारखेपर्यंत सगळं मुंबई-पुण्याहून यायचं. नागरिकशास्त्रात 'सत्तेचं विकेंद्रीकरण' शिकवायचं आणि तासाची घंटा झाली की वरून आलेली परिपत्रकं फाइलला लावायची. ज्या राज्यात या एकाच विषयावर अडीचशे वर्षं भांडण चाललंय, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

घर बाहेरून बेताचं, विटांचं. आत मात्र नजर ठरत नाही. विल्यम बकलंड नावाचा कारागीर इंग्लंडहून करारावर आणला होता, त्याच्या देखरेखीखालचं लाकडी कोरीवकाम आहे. एक खोली तर खास चिनी धर्तीवर सजवलेली. बाईंनी कौतुकाने सगळं दाखवलं आणि मग त्याच सुरात, आवाज न बदलता सांगितलं की या मळ्यावर शंभरावर माणसं गुलाम होती. गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी राजा असतो, हे मेसननेच फिलाडेल्फियात भर सभेत म्हटलं होतं. स्वतःचे गुलाम त्याने सोडले नाहीत. मुलांच्या नावे करून गेला.

हक्कांची सनद पुढे आली. १५ डिसेंबर १७९१ला व्हर्जिनियाच्या मान्यतेने ती लागू झाली. त्यातली दहावी दुरुस्ती एका वाक्याची आहे : जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील. पुढचे सगळे दिवस आम्ही या वाक्यातल्या 'किंवा'भोवती फिरत होतो.

शनिवार : माँटपीलियर आणि माँटिसेलो

सकाळी माँटपीलियर, जेम्स मॅडिसनचं घर. इथे फार वेळ दिला नाही. खरं तर त्याच्यावर अन्याय झाला, कारण घटनेचा शिल्पकार तोच. केंद्राचे अधिकार थोडे आणि नेमके, राज्यांचे पुष्कळ आणि अमर्याद, अशी ग्वाही त्याने घटनेच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतल्या पंचेचाळिसाव्या लेखात दिली होती. दहा वर्षांत त्याच्यावरच ती पाळायला लावायची वेळ आली. १७९८मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्सच्या काळात सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला, तेव्हा मॅडिसनने व्हर्जिनियासाठी आणि जेफरसनने केंटकीसाठी गुपचूप ठराव लिहून दिले : केंद्राने मर्यादा ओलांडली तर राज्याने मध्ये पडावं. तीसेक वर्षांनी दक्षिण कॅरोलिनाने हेच ठराव पुढे करून केंद्राचा जकात कायदा आपल्यापुरता रद्द ठरवला, तेव्हा म्हातारा मॅडिसन इथल्याच अभ्यासिकेतून पत्रांवर पत्रं लिहून सांगत होता की अरे, माझा अर्थ असा नव्हता. तळघरात गुलामांवरचं प्रदर्शन आहे. ते मात्र वेळ काढून बघावं.

दुपारी शार्लट्सव्हिलच्या टेकडीवर माँटिसेलो, थॉमस जेफरसनचं घर. पाच सेंटच्या नाण्यावरचं ते घुमटाचं घर. इथे गर्दी होती.

प्रवेशाच्या दालनात शिरताच दारावर मोठं घड्याळ आहे. त्याची वजनं दोरीने भिंतीलगत खाली उतरतात आणि भिंतीवर वार लिहिलेले आहेत. वजन ज्या वारापाशी तो आजचा वार. पण आठवड्याला भिंत पुरली नाही. जेफरसनने जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात नेला. आम्ही गेलो तो शनिवारच होता, त्यामुळे वर कोणालाच वार दिसत नव्हता. ओंकार हसून म्हणाला, "ह्याला अंदाजपत्रक जमत नव्हतं वाटतं." खरंच जमत नव्हतं. मेला तेव्हा कर्ज एवढं होतं की घर आणि गुलाम विकावे लागले.

मला मात्र त्याच्या एका योजनेत रस होता. निवृत्तीनंतरच्या पत्रांमध्ये जेफरसनने लिहिलं की राज्य काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, विभागून भागणार नाही. प्रत्येक काउंटीचे पुन्हा सुमारे सहा मैल लांब-रुंद असे वॉर्ड करा. माणसाला आपल्या घरून सभेला चालत जाऊन परत येता येईल एवढा वॉर्ड. त्याच्याकडे काय काय द्यायचं, याची यादीच आहे : प्राथमिक शाळा, न्यायाधीश, शिपाई, गरिबांची काळजी, स्थानिक सैन्य, निवडणुका आणि आपापल्या रस्त्यांची देखभाल. जोसेफ कॅबेलला तो लिहितो की रोमचा केटो जसा प्रत्येक भाषण 'कार्थेज नष्ट केलंच पाहिजे' या वाक्याने संपवायचा, तसा मी प्रत्येक मत 'काउंट्यांचे वॉर्ड करा' या आदेशाने संपवतो.

हे त्याच्या हयातीत झालं नाही. राजधानी रिचमंडच्या विधिमंडळाने ती योजना अमलात आणली नाही. आणि जेफरसन स्वतः अध्यक्ष होता तेव्हा? १८०३मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट मुलूख घेतला. घटनेत तशी सोय नाही, अशी शंका त्याच्याच मनात होती. ती गिळून घेतला. १८०७मध्ये परदेशी व्यापारावर बंदी घातली आणि बंदराबंदरांत केंद्राचा हात पोचवला. त्याच्याच पक्षातला जॉन रँडॉल्फ त्याआधीच चिडून वेगळा झाला होता. रँडॉल्फ मंगळवारी पुन्हा भेटणार आहे.

उतारावर मल्बेरी रो. खिळे, कापड जिथे बनायचं ती गुलामांची रांग. जेफरसनच्या हयातीत सहाशेवर माणसं त्याच्या मालकीची होती. सहा मैलांच्या वॉर्डात त्यांची सभा भरणार नव्हती.

रविवार : रिचमंड

शार्लट्सव्हिलहून रिचमंड सव्वा तास. वाटेत हायवेवर पाऊस, डब्यात कालचं थालीपीठ.

राज्याचं कॅपिटॉल जेफरसननेच फ्रान्समधल्या नीमच्या रोमन देवळावरून उचललेलं. त्या चौकात घोड्यावरचा वॉशिंग्टन आहे आणि त्याच्या पायाशी व्हर्जिनियाचे सहा जण, त्यात मेसनही आणि पॅट्रिक हेन्रीही. जिवंतपणी ज्यांनी वॉशिंग्टनच्या घटनेला कडाडून विरोध केला त्यांना मरणोत्तर त्याच्या चौथऱ्याशी उभं केलंय. शिल्पकारांना असं चालतं.

१७८८च्या जूनमध्ये याच टेकडीवर राज्याची परिषद भरली, घटना स्वीकारायची की नाही ठरवायला. हेन्रीचं पहिलं हत्यार एक प्रश्न होता : 'आम्ही, राज्ये' असं न म्हणता 'आम्ही, लोक' असं म्हणायचा अधिकार या लोकांना कोणी दिला? तो दिवसचे दिवस बोलत राहिला. मॅडिसनचा आवाज इतका बारीक की लेखनिकाला ऐकू येत नसे. शेवटी २५ जूनला ८९ विरुद्ध ७९ अशी घटना मान्य झाली. पाच जण इकडचे तिकडे झाले असते तर आज अमेरिका कशी असती, यावर ओंकारने आणि मी कॉफी संपेपर्यंत वाद घातला.

पण रिचमंडची खरी गंमत वेगळी आहे. वॉशिंग्टनने आमच्यात ढवळाढवळ करू नये, हे सांगण्यात या शहराने दोन शतकं घालवली. आपल्या काउंट्यांना मात्र ते लगाम सोडत नाही. इथे 'डिलनचा नियम' चालतो. आयोवाच्या जॉन डिलन या न्यायाधीशाने १८६८मध्ये मांडलेला हा सिद्धान्त असा, की स्थानिक संस्थेला तेवढेच अधिकार, जेवढे राज्याने स्पष्ट शब्दांत दिले किंवा त्यातून अपरिहार्यपणे निघतात. शंका आली तर निकाल संस्थेच्या विरुद्ध. म्हणजे जे मेसन केंद्राबद्दल मागत होता, ते राज्याने काउंटीला लावलं. याचं ठसठशीत उदाहरण मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर आहे, किंवा होतं म्हणू. बंडखोर दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे तिथे ओळीने उभे होते. शहरांनी ते काढायचं ठरवलं तरी राज्याचा कायदा काढू देत नव्हता. कायदा बदलून १ जुलै २०२०ला लागू झाला आणि त्याच दिवशी स्टोनवॉल जॅक्सन उतरला. रॉबर्ट ली राज्याच्या जागेवर होता, तो सप्टेंबर २०२१मध्ये गेला. आम्ही त्या रस्त्याने गाडी हळू नेली. मधल्या पट्ट्यात गवत आहे आणि झाडं आहेत.

रस्त्यांचंही तेच. १९३२मध्ये माजी गव्हर्नर हॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि बहुतेक काउंट्यांनी आपले रस्ते राज्याच्या हवाली केले. मंदीचे दिवस, पैसा नव्हता, कोण नाही म्हणणार? आज फक्त आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोन काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. जेफरसनने जे वॉर्डाला द्यायचं म्हटलं होतं, ते काउंटीकडेही राहिलं नाही. आणि हा बर्ड पुढे राज्यांच्या हक्कांचा सर्वांत मोठा कैवारी म्हणून मिरवला!

त्या कैवाराची कथा अशी. १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची विभागणी बेकायदा ठरवली. रिचमंडच्या एका दैनिकाचा संपादक जेम्स किलपॅट्रिक याने १९५५च्या अखेरीस मॅडिसनचा १७९८चा ठराव धूळ झटकून बाहेर काढला. राज्याने मध्ये पडावं, असं तो रोज लिहू लागला. १ फेब्रुवारी १९५६ला विधिमंडळाने तसा ठराव केला. बर्डने 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. आता बघा : आर्लिंग्टन काउंटीचं निवडून आलेलं शाळा मंडळ कोर्टाचा निकाल पाळायला तयार होतं. तर राज्याने आर्लिंग्टनचा शाळा मंडळ निवडून द्यायचा हक्कच काढून घेतला. कोणत्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचं हेही राज्याच्या मंडळाकडे घेतलं. केंद्राने आमच्या कामात पडू नये म्हणणारे स्वतः खालच्याच्या कामात असे पडले.

कॅपिटॉलच्या त्याच चौकात २००८पासून नागरी हक्क चळवळीचं स्मारक आहे. त्यावर शाळकरी मुलं आहेत. उद्या त्यांच्या गावी जायचंय.

सोमवार : फार्मव्हिल

प्रिन्स एडवर्ड काउंटीचं हे मुख्य गाव. शांत, दोन कॉलेजांच्या छायेतलं. जवळच हॅम्पडेन-सिडनी कॉलेज, १७७५चं, ज्याच्या पहिल्या विश्वस्तांत हेन्री आणि मॅडिसन दोघं होते. आम्ही सरळ मोटन संग्रहालयात गेलो. ही १९३९ची काळ्या मुलांची हायस्कूलची इमारत. १८० मुलांसाठी बांधलेली. दहा-बारा वर्षांत साडेचारशेवर मुलं झाली. जास्तीच्या मुलांसाठी डांबरी कागदाच्या झोपड्या उभ्या केल्या. हिवाळ्यात शेगडीजवळचा मुलगा भाजायचा आणि कोपऱ्यातला गारठायचा. मुलांनी नव्या इमारतीसाठी विचारलं, पालकांनी अर्ज केले, शाळा मंडळ पुढच्या बैठकीवर ढकलत राहिलं. हे सगळं मला तपशिलात समजत होतं. 'पुढच्या बैठकीत विचार करू' हे वाक्य मी कितीदा ऐकलंय.

२३ एप्रिल १९५१ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना खोट्या फोनने गावात पाठवलं, सगळ्या शाळेला सभागृहात बोलावलं, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. तेच सभागृह आता संग्रहालयाचा पहिला दालन-भाग आहे. त्या बाकांवर बसून चित्रफीत बघायची असते. मी मुख्याध्यापिका होते. तेव्हा त्या फसवल्या गेलेल्या मुख्याध्यापकांचा मला आधी विचार आला. नंतर त्यांची नोकरी गेली.

त्या संपातून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयात ब्राउन खटल्याला, म्हणजे १९५४च्या त्या निकालाच्या खटल्याला, जोडला गेला. निकाल लागला आणि वर सांगितलेला प्रतिकार सुरू झाला. १९५९मध्ये राज्याच्या आणि केंद्राच्या न्यायालयांनी तो मोडून काढल्यावर रिचमंडने हात वर केले. आता प्रत्येक काउंटीने आपापलं ठरवावं, म्हणाले. प्रिन्स एडवर्डच्या सुपरवायझरांनी, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, ठरवलं. त्यांनी शाळांसाठी कर बसवायचाच नाही असं ठरवलं. काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलपं लागली. गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी अकादमी निघाली. सुमारे १,७०० काळी मुलं घरी बसली, काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काहींची शाळा कायमची सुटली. पाच वर्षं. १९६४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुलपं निघाली. सहा वर्षांचं पोर अकरा वर्षांचं झालं होतं.

अलेक्सिस द टॉकव्हिल या फ्रेंच प्रवाशाने १८३५मध्ये अमेरिकेतल्या गावकारभाराविषयी लिहून ठेवलंय, की विज्ञानाला जशा प्राथमिक शाळा तशा स्वातंत्र्याला गावसभा; त्या स्वातंत्र्य लोकांच्या हाताशी आणतात. विकेंद्रीकरणाच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण हे वाक्य वापरतो. मीही वर्गात वापरलं आहे. इथे तर गावसभेनेच प्राथमिक शाळेला कुलूप लावलं.

मग आठवले ते बाबासाहेब. ४ नोव्हेंबर १९४८च्या संविधान सभेतल्या भाषणात ते अमेरिकन संघराज्याची भारतीय मसुद्याशी तुलना करतात, आणि त्याच भाषणात गावाला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हणतात. मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, असंही सांगतात. आमच्या पंचायत राजच्या प्रशिक्षणांत हे भाषण कोणी काढत नसे. काढलं तर चहाच्या वेळेला, दबक्या आवाजात. ते भाषण त्यांनी महाराष्ट्रातली गावं डोळ्यांसमोर ठेवून केलं असणार. फार्मव्हिलच्या त्या बाकावर बसून वाचलं तरी एक शब्द बदलायला नको.

बाहेर आल्यावर ओंकारने विचारलं, "मग मावशी, तुझं विकेंद्रीकरण गेलं का?" मी त्याला जेवायला नेलं. पोटात काही नसताना अशा प्रश्नांची उत्तरं देऊ नयेत.

मंगळवार : रेड हिल, शार्लट कोर्टहाउस आणि एक सभा

रात्री आम्ही एका शेतावरच्या घरात उतरलो होतो. यजमान निवृत्त इतिहास शिक्षक. पूर्वी घरची तंबाखू, आता गवत आणि गुरं. दोन शिक्षक भेटल्यावर जे व्हायचं ते झालं. नाश्ता साडेदहापर्यंत चालला.

ते स्वतःला जुन्या वळणाचे परंपरावादी म्हणवतात आणि आजच्या दोन्ही पक्षांना नावं ठेवतात. त्यांचं म्हणणं असं : एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताने १७९०मध्ये सांगितलं तेच खरं, माणूस आधी आपल्या छोट्या पलटणीवर प्रेम करायला शिकतो. घर, चर्च, शेजार, गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल. (त्या दलात ते अजून आहेत.) वरचं सरकार यातली कामं एकेक करून उचलतं, तेव्हा कामाबरोबर ती माणसंही सुटी होतात. मग त्यांना एकत्र बांधायला आणखी मोठं सरकार लागतं. रसेल कर्क या मिशिगनच्या विचारवंताने आपलं पहिलं पुस्तक इथल्या शार्लट काउंटीतल्या जॉन रँडॉल्फवर लिहिलं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. रँडॉल्फ म्हणजे शिकारी कुत्री घेऊन काँग्रेसमध्ये बसणारा, जेफरसनलाही न जुमानणारा विक्षिप्त खासदार. मला स्वातंत्र्य आवडतं, समतेचा तिटकारा आहे, असं उघड म्हणणारा. आणि तरी मृत्युपत्रात सगळे गुलाम मोकळे करून त्यांना ओहायोत जमीन घ्यायला पैसे ठेवणारा. १८४६मध्ये ते ३८३ जण ओहायोत पोचले तेव्हा तिथल्या गोऱ्या गावकऱ्यांनी त्यांना त्या जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही. मुक्त राज्य, स्थानिक इच्छा.

दहावी दुरुस्ती विरोधात बसलं की आठवते आणि सत्ता आली की विसरते, असंही यजमान म्हणाले. १९९७मध्ये मोंटानाच्या शेरिफने सर्वोच्च न्यायालयातून निकाल मिळवला की केंद्र काउंटीच्या शेरिफला बंदुकांच्या कायद्यासाठी राबवून घेऊ शकत नाही. उजव्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांनी तोच निकाल दाखवून डाव्या शहरांनी स्थलांतरितांना पकडायच्या कामात पोलीस द्यायला नकार दिला. २०१९-२०च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातल्या बहुतेक काउंट्यांनी रिचमंडचे बंदूक कायदे मानणार नाही असे ठराव केले. पुढच्याच वर्षी रिचमंडने केंद्राचा कायदा तसाच असताना गांजा बाळगायला मुभा दिली.

मी फार्मव्हिलविषयी विचारलं. ते थोडा वेळ कपात बघत राहिले. मग म्हणाले, "तो निर्णय काउंटीचा नव्हता, अर्ध्या काउंटीचा होता." १९०२च्या राज्यघटनेने मतदानाला पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीचा कर, लावून काळ्यांना आणि गरीब गोऱ्यांनाही यादीबाहेर काढलं होतं. सगळा गाव सभेत नसेल तर ती गावसभा कसली? उत्तर प्रामाणिक होतं आणि मला पटलंही. पण मग सगळा गाव सभेत आणला कोणी? १९६५चा मतदान हक्क कायदा वॉशिंग्टनने केला. राज्याच्या निवडणुकीतला पोल टॅक्स १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. गाव पुरता व्हायला वरचा हात लागला, हे त्यांच्या मांडणीत कुठे बसवायचं? त्यावर त्यांनी मला आणखी एक पॅनकेक वाढला. विषय टाळला असं मी म्हणणार नाही. दोघांनाही तो तिथेच थांबलेला बरा वाटला.

रेड हिल हे पॅट्रिक हेन्रीचं शेवटचं घर. घरापुढे ओसेज ऑरेंजचं प्रचंड झाड आहे, खाली हिरवी खडबडीत फळं पसरलेली. मागे हेन्रीची कबर. तिथून शार्लट कोर्टहाउस या छोट्या गावी आलो, कारण १७९९च्या मार्चमध्ये इथे हेन्रीचं अखेरचं जाहीर भाषण झालं. प्रकृती खालावलेली, तीन महिन्यांचं आयुष्य उरलेलं. त्याच दिवशी तरुण रँडॉल्फही त्याच्या विरुद्ध बाजूने बोलला. विषय तेच मॅडिसन-जेफरसनचे ठराव. सगळ्यांना वाटत होतं की 'आम्ही, राज्ये'वाला हेन्री त्यांच्या बाजूने उभा राहील. तो विरुद्ध उभा राहिला. त्याच्या चरित्रकाराने नोंदवलंय की हेन्रीने जमावाला विचारलं, व्हर्जिनियाचे कायदे मानायचे की नाही हे ठरवायचा अधिकार शार्लट काउंटीला आहे का? व्हर्जिनियाला जशी शार्लट, तसं संघराज्याला व्हर्जिनिया.

मी कोर्टहाउसच्या पायऱ्यांवर बसून हा प्रश्न वहीत लिहून घेतला. रिचमंडच्या विधिमंडळाने त्याचा निम्माच धडा घेतला : शार्लटला अधिकार नाही, हे चांगलं लक्षात ठेवलं.

संध्याकाळी शेजारच्या एका काउंटीत सुपरवायझरांची सभा होती, यजमानांनीच सुचवलं. शेतजमिनीवर डेटा सेंटरला परवानगी द्यायची का, यावर सुनावणी. शंभरेक खुर्च्या भरलेल्या, मागे लोक उभे. नाव पुकारलं की माइकपाशी जायचं, तीन मिनिटं, समोर दिवा हिरव्याचा पिवळा आणि लाल होतो. एका शेतकरी बाईने विहिरीच्या पाण्याबद्दल विचारलं. एकाने उच्च दाबाच्या तारांचा नकाशा आणला होता. एक तरुण म्हणाला की कर आला तर शिक्षकांचे पगार वाढतील, मग मागून कोणी तरी 'पोरं राहिली तर' असं ओरडलं. एका आजोबांनी काउंटीच्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा विषय काढला, तेव्हा अध्यक्षांनी नम्रपणे सांगितलं की रस्ते राज्याकडे आहेत. आमच्या ग्रामसभेत कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून तिथे सगळं मंजूर होतं. इथे रात्री दहापर्यंत एकही माणूस हलला नाही. शेवटी निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. ओंकार सगळा वेळ मान खाली घालून बसला होता. त्याच्या कंपनीचं नाव दोनदा घेतलं गेलं.

बुधवार : अ‍ॅपोमॅटॉक्स आणि परतीची वाट

अ‍ॅपोमॅटॉक्सला तासभरच थांबलो. ९ एप्रिल १८६५ला, यादवी युद्धाच्या अखेरीस, लीने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली ते मॅक्लीनचं घर. खरं घर १८९३मध्ये वॉशिंग्टनला प्रदर्शनात मांडायचं म्हणून विटा-फळ्या सुट्या केल्या, त्या तिथे कधी गेल्याच नाहीत, जागेवर कुजल्या. आत्ताचं घर पुन्हा बांधलेलं. राज्यांच्या हक्कांचा वाद या बैठकीच्या खोलीत संपला असं फलक सुचवतात. गेले काही दिवस आम्ही बघितलं त्यावरून तो संपलेला नाही. फक्त राज्याने बाहेर पडायचं नाही, एवढं इथे ठरलं. जोतिराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी हे युद्ध लढलं होतं. पुण्यात बसून फुल्यांना कळलं की गुलामी राज्याराज्यावर सोडून सुटणारी नव्हती.

२९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालो. ओंकार बराच वेळ गप्प होता, मग कालच्या सभेवर आला. त्याला वाईट वाटलं होतं, कारण त्याच्या मते ती बाई पाण्याबद्दल बरोबर होती. मी विचारलं, तुझ्या भागाचा सुपरवायझर कोण? त्याला माहीत नव्हतं. घराचा कर भरतो, कचऱ्याचे पैसे भरतो, पण मत नाही. अजून व्हिसावर आहे. पोटोमॅकपलीकडे मेरीलंडमधल्या टाकोमा पार्कने १९९०च्या दशकापासून नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही शहराच्या निवडणुकीत मत दिलं आहे. व्हर्जिनियात ते एखाद्या शहराच्या मनात आलं तरी करता येणार नाही, राज्यघटना आडवी येते. पण बोलायला अडचण नसावी, मी म्हटलं. काल कोणी कोणाचा पासपोर्ट विचारत नव्हतं.

कल्पेपरला पेट्रोल भरताना त्याने फोनवर बघितलं. त्याच्या काउंटीतही पुढच्या महिन्यात सुनावणी होती, नाव नोंदवायचा अर्ज ऑनलाइन.

"तीन मिनिटांत काय बोलणार मावशी?"

"आधी कंपनीच्या बाजूने बोलायचंय की विहिरीच्या, ते ठरव. मग तीन मिनिटं पुष्कळ होतात."

त्याने अर्ज उघडा ठेवला आणि गाडी सुरू केली.